मेणाचे तीन हात

आमच्या भटवाडीतल्या खोलीला खिडकी एकच, आणि तिच्या कट्ट्यावर हक्क आईचा. घावण्यांचे धुतलेले तांदूळ वाळायचे ते तिथे, कोथिंबीर निवडून ठेवायची ती तिथे; बाबांचा चष्मासुद्धा तिथे ठेवलेला तिला खपायचा नाही. त्यामुळे पितृपंधरवड्यातल्या एका सकाळी बाबांनी तांदळाची परात खाली उतरवून त्या जागी भंगारातल्या लोखंडाच्या सहा पट्ट्या ओळीने मांडल्या, तेव्हा मला वाटलं, झालं, आता घरात महाभारत. पण आईने परात उचलून कपाटावर ठेवली आणि भाकऱ्या थापायला बसली. नऊ महिने घरी बसलेला माणूस कशाला तरी हात लावतोय, एवढंच तिने पाहिलं असणार. हे मला आज कळतं. तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि मला माझ्या रायफलीशिवाय काही दिसत नव्हतं.

रायफल म्हटलं की लोक दचकतात, म्हणून आधीच सांगते. ती छर्‍याची, हवेवर चालणारी, दहा मीटरवरच्या कागदी टार्गेटवर नेम धरायची रायफल. तिने उंदीरही मेला नसता. शेजारच्या तावडेकाकू मला विचारायच्याच, "काय गो शाले, लग्नात नवऱ्याक माळ घालतलंस की छर्रो?" कॉलेजातल्या एका मैत्रिणीबरोबर सहज म्हणून मी मुलुंडला एका जुन्या शेडमध्ये चालणाऱ्या क्लबात गेले आणि तिथेच अडकले. श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं, आणि सगळं जग त्या एका काळ्या ठिपक्याएवढं व्हायचं. चाळीत तेवढी शांतता कुठे मिळणार? पण क्लबच्या सगळ्या रायफली सहा फुटी पुरुषांच्या मापाच्या. दस्ता, म्हणजे मागचा लाकडी भाग, माझ्या खांद्याला टेकवला की हात चापापर्यंत जेमतेम पोचायचा, आणि गाल लाकडावर टेकवावा तर डोळा नेमाच्या खाली जायचा. मग मी मान ताणून गाल हवेतच धरायची. गाल अधांतरी असला की डोळा दर वेळी नव्या जागी, आणि डोळा नव्या जागी म्हणजे छर्राही नव्या गावाला. त्यातून ती रायफल जुनी. नळीचं लोखंड दस्त्याच्या खाचेत डुगडुगायचं.

क्लब चालवायचे रेगे सर. बँकेतून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचे, क्लबच्या प्रत्येक स्क्रूची नोंद ठेवणारे. त्यांना मी किती दिवस मस्का लावला असेल ते मलाच माहीत. शेवटी एकदा म्हणाले, "ही जुनी रायफल घेऊन जा. दस्ता तुझ्या मापाचा करून घे. दिवाळीआधी संघाची निवड चाचणी आहे, तोवर परत पाहिजे. पण शालिनी, लोखंडाला काही झालं तर मला समितीपुढे उभं राहता येणार नाही. मी माझ्या शब्दावर देतोय." आणि निघताना त्यांनी मला एक छोटा डबा दिला. फायबरच्या होड्या बनवणाऱ्या कुणा ओळखीच्या माणसाकडून आणलेला, परदेशी. माल चिकटू नये म्हणून साच्याला लावायचं औषध. "वडिलांना सांग, हेच वापरा."

आता वडिलांचं सांगते. बाबा फौंड्रीत पॅटर्नमेकर होते. म्हणजे यंत्राचा जो भाग ओतायचा असेल, हुबेहूब तसा तो आधी लाकडात घडवायचा. ते लाकूड वाळूत दाबायचं, अलगद बाहेर काढायचं, आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. यातली सगळी कला लाकूड घडवण्यात आहे असं आपल्याला वाटतं. बाबा म्हणायचे, नाही, ते कुणीही सुतार करील. कला आहे ती सुटण्यात. वाळूचा एक कण न सांडता लाकूड बाहेर आलं पाहिजे. फौंड्री बंद पडली तेव्हा त्यांच्याबरोबरचे काही जण सोसायट्यांत वॉचमन झाले, एकाने वड्याची गाडी टाकली. बाबांना तेही जमेना. सकाळी नेहमीच्या वेळेला उठायचे, दाढी करायचे, शर्ट घालायचे आणि खुर्चीत बसायचे. हत्यारांची पेटी खाटेखाली. मी रायफल आणली त्या दिवशी त्यांनी ती मांडीवर घेऊन खाचेत बोट फिरवलं आणि पेटी बाहेर ओढली. बस, एवढंच.

काम असं होतं. दस्ता मागून कापून आखूड करायचा, गालाखाली लाकूड चढवायचं, मूठ माझ्या पंजाची करायची, आणि नळीचं लोखंड खाचेत जिथे डुगडुगतं तिथे एपॉक्सी भरून त्याला पक्की बैठक द्यायची. एपॉक्सी म्हणजे तो दोन डब्यांचा डिंक. एकातलं दुसऱ्यात कालवलं की दगड होतो. गंमत ही की तो लाकडाला कायमचा चिकटला पाहिजे आणि लोखंडापासून मात्र सुटला पाहिजे. "लाकडाक धरूक व्हया, लोखंडाक सोडूक व्हया," बाबा पुटपुटायचे, जसं काही मंत्रच. बाजारात पाच मिनिटांत घट्ट होणारं एपॉक्सी होतं, मी तेच आणलं होतं. बाबांनी काडीवर घेऊन पाहिलं आणि परत करायला लावलं. झटपट घट्ट होतं ते तापतं, आणि तापलं की आकसतं. शिवाय लोखंड सरळ बसलंय का हे बघायलाही वेळ देत नाही. त्यांनी एक अख्खा दिवस घेणारं आणवलं. त्यात सागाचा बारीक भुसा चाळून मिसळला, आईच्या मैद्याच्या चाळणीने. ती चाळणी पुढे कधी स्वयंपाकात गेली नाही.

आणि लोखंडाला लावायचं काय, यावर अख्खी चाळ बोलली. तावडेकाकू म्हणाल्या खोबरेल, मोदकाच्या साच्याला लावतो तसं. त्यांचा दीर गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायचा, त्याने साबणाचं पाणी सुचवलं. प्लास्टरच्या साच्यांना तेच लावतात म्हणे. कुणी बुटाचं पॉलिश म्हटलं, कुणी ग्रीस. बाबांनी कुणालाही नाही म्हटलं नाही. म्हणून तर त्या सहा पट्ट्या. पहिलीवर खोबरेल, मग साबण, पॉलिश, ग्रीस, रेगे सरांच्या डब्यातलं परदेशी औषध, आणि शेवटचीवर बाबांचं स्वतःचं: मधमाशांचं मेण टर्पेंटाइनमध्ये विरघळवून केलेलं, फौंड्रीत ते वापरायचे तसं. प्रत्येकीवर एपॉक्सीचा लाडवाएवढा गोळा. दोन दिवसांनी त्यांनी एकेक पट्टी हातात घेऊन गोळ्याला अंगठ्याने रेटा दिला. खोबरेलाची बाजू गुळासारखी चिकट राहिली. साबणाने सोडलं, पण गोळ्याला तळाशी देवीचे व्रण. ग्रीस जाड बसलं तिथे पोकळी. पॉलिश ठीक होतं. सरांचं औषध चांगलं सुटलं, आणि मेणाची पट्टी मात्र टक् करून अशी वेगळी झाली की गोळ्याच्या तळात लोखंडावरची कानशीची रेघन् रेघ उमटली होती. बाबा हसले. नऊ महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांचे वरचे दात पाहिले. म्हणाले, "सरांका सांग, औषध चांगला आसा. पण मी माझां लावतंय."

मी आता बोरिवलीला राहते, गॅलरीत माझं कामाचं टेबल आहे, आणि पोरी ॲल्युमिनियमचे दस्ते घेऊन येतात ज्यांचं सगळं स्क्रू फिरवून वरखाली होतं. तरी मूठ काही कुठल्या कारखान्याला जमत नाही. माणसाचा पंजा शेवटी माणसाचा. त्या येतात, फोनवर बघून आलेल्या असतात, विचारतात, आजी, रिलीज एजंट कुठला वापरता? म्हणजे तेच, सुटायचं औषध. मी म्हणते, आधी भंगारातून पट्ट्या आण.

असो. पंधरा दिवस घरात भुसा. भातात भुसा, आमटीत भुसा. गालाखालचं लाकूड बाबांनी सात वेळा चढवलं-उतरवलं. मला डोळे मिटून गाल ठेवायला लावायचे आणि मग म्हणायचे, उघड, काय दिसतं? मुठीसाठी माझ्या पंजाला तेच मेण चोळून मला भुसा जास्त घालून घट्ट मळलेला एपॉक्सीचा लगदा धरून बसवलं, तासभर, आणि तावडेकाकू समोर बसून मला मुद्दाम हसवत होत्या. मग राहिली फक्त लोखंडाची बैठक. एपॉक्सी आत जाऊ नये म्हणून चापाच्या भोकांत गणपतीतली उरलेली शाडू दाबून झाली. मेणाचा पहिला हात नवरात्रातल्या सप्तमीला, दुसरा त्याच संध्याकाळी, तिसरा अष्टमीला. प्रत्येक हात वाळू द्यायचा आणि मऊ फडक्याने चोळायचा, इतका की मेण आहे हे दिसूच नये. नीट लावलेलं मेण दिसत नाही. लोखंड फक्त लोखंडासारखं चकाकतं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्या घरी त्या दिवशी हत्यारांची पूजा. फौंड्री बंद झाली म्हणून आईने ती बंद केली नव्हती. उलट त्या वर्षी तिला जास्तच उत्साह. सकाळीच तिने पाट मांडला, मला एक फडकं आणि रॉकेलची वाटी दिली. "सगळी हत्यारां पूस. तेलकट, कळकट देवासमोर ठेवू नको." बाबा मुठीला घासायला नवा काचकागद आणायला बाहेर गेले होते. मी रंधे पुसले, पटाशा पुसल्या, करवती पुसल्या. "आणि तां बंदुकीचा? तां पण हत्यारच मां?" आई चुलीपाशी काळ्या वाटाण्यांची उसळ ढवळत म्हणाली. मी तेही पुसलं. चांगलं जोर लावून पुसलं, रॉकेलने, पुढून मागून. माझ्या डोक्यात त्या वेळी मेण नव्हतं. ती माझी रायफल होती आणि तिची पूजा होणार होती, म्हणून मला ती सगळ्यांत लखलखीत हवी होती. नळीच्या टोकाला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. बाबा आले, हात जोडून उभे राहिले. म्हणाले, "छान दिसता."

पूजेतल्या हत्याराला त्या दिवशी हात लावत नाहीत. दसऱ्याला सकाळी ती उचलायची आणि कामाला लावायची. बाबांनी उचलली ती थेट रायफलच. कुंकू अंगठ्याने पुसलं, एपॉक्सी कालवलं, खाचेत भरलं, लोखंड बसवलं, दोरीने आवळलं. घरात शिरापुरीचा वास. मी आपट्याची पानं वाटत चाळभर फिरत होते, सगळ्यांना सांगत होते, उद्या बघा.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दोरी सोडली. दस्ता एका हातात, नळी दुसऱ्या हातात, आणि हलकासा हिसका. काही नाही. पुन्हा. लाकडी हातोडीने एक टपली, मग दुसरी बाजू. काही नाही. मी समोर बसले होते. बाबांच्या कपाळावर घाम आला, आणि तो जोर लावल्याचा घाम नव्हता. ते तासभर खटपट करत होते. तापवून एपॉक्सी सैल होतं हे त्यांना ठाऊक होतं, पण आत चामड्याचे वॉशर, ते जळले तर रायफल भंगार. मग त्यांनी ती खाटेवर ठेवली, पट्टी उचलली, ती मेणाची, तिच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "तुकड्यावर चालला, आणि खऱ्यावर नाय." आणि माझ्याकडे न बघता, "हात गेलो माझो."

मला नेमकं तेव्हा कळलं. नवमीचं फडकं आणि रॉकेलचा वास आठवला. आणि मी काय केलं? गप्प बसले. सांगते खरं ते. मला वाटलं, सांगितलं तर आईवर जाईल. वाटलं, मारतील, जरी त्यांनी मला कधी मारलं नव्हतं. वाटलं, बाबाच काहीतरी करतील आणि सुटेल. अठरा वर्षांची घोडी, पण अक्कल कुठे. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. आई म्हणाली, "जेवा ओ, बंदूक काय पळान जातली?" दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर त्यांनी हत्यारं एकेक करून पेटीत भरली होती, पेटी खाटेखाली सारली होती, शर्ट घातला होता, आणि चादरीत गुंडाळलेली रायफल काखेत. "सरांका देवन येतंय. सांगतंय, माझ्या हातान बिघडली. त्यांचा औषध लावूक व्हया होता."

आई मासळी आणायला बाजारात गेली होती, नवरात्रानंतर पहिल्यांदा. घरात आम्ही दोघंच. बाबा उंबऱ्यात चपला घालत होते. मी म्हटलं, "बाबा, मेण मी पुसलं."

ते वाकलेलेच राहिले.

"नवमीला. आईने हत्यारं पुसायला सांगितली, मी ते पण पुसलं. रॉकेलने. सगळं."

आता ओरडतील, आता ओरडतील. ते हळूहळू सरळ झाले. माझ्याकडे असं बघत होते जसं मी काही वेगळ्याच भाषेत बोलले. मग म्हणाले, "म्हणजे मेण बरोबर होतां?"

"हो."

"नक्की? सगळां पुसलंस? रॉकेलान?"

"हो बाबा. जोर लावून."

त्यांनी रायफल दाराला टेकवली आणि उंबऱ्यातच बसले. दोन्ही तळवे समोर धरून बघत राहिले. मग हसायला लागले, आवाज न करता, खांदे हलवत, आणि त्यांचे डोळे भरले. मी रडतच होते. तावडेकाकू दारातून डोकावल्या, "काय झाला ओ? कोण गेला?" बाबा म्हणाले, "कोण नाय. गेल्लो तो परत इलो."

आई आली तोवर बाबांची हत्यारं पुन्हा बाहेर. मला मात्र त्यांनी आधीच बजावलं होतं, "आवशीक सांगू नको. पुढल्या वर्षी पूजाच मांडूची नाय ती." आईला आम्ही एवढंच सांगितलं की अडकलंय. बाबा विचार करत होते की गरमीने नाही तर थंडीने. लोखंड गारठलं की आकसतं, एपॉक्सी त्याच्या हिशेबाने आकसत नाही, कुठेतरी चीर पडेल. आईच्या पिशवीत कोळणीने बांगड्यांवर घातलेला बर्फ होताच. बाबा तेवढ्याकडे बघायला लागले तर आई म्हणाली, "नुसत्या बर्फान काय व्हतला? मीठ घाला ओ त्येच्यात." लग्नाआधी ती गिरगावात एका घरी कामाला होती, तिथे आइस्क्रीमचा पॉट फिरवून तिचे दंड दुखायचे, खडेमीठ घातलेल्या बर्फाला हात लागला तर कातडी सोलते हे तिला पुस्तकाशिवाय माहीत होतं. ती परत बाजारात गेली आणि कोळणीशी भांडून घमेलंभर बर्फ घेऊन आली. मोरीत गोणपाट अंथरलं, रायफल प्लॅस्टिकमध्ये तीन पदरी बांधली, मिठाचं पाणी लोखंडाला लागायला नको म्हणून, आणि वर बर्फ रचला. आईने आत चुलीवर बांगड्याचं तिखलं टाकलं. दोन तास आम्ही तिघं मोरीच्या तोंडाशी बसून होतो, कुणाचं बाळंतपण असल्यासारखे. बाबांनी हातोडी उचलली, एक टपली मारली. मग एक आवाज आला, सुपारी फुटल्यासारखा. लोखंड हातात आलं. एक ओरखडा नाही.

आई जाईपर्यंत सगळ्यांना सांगायची, बंदूक माझ्या मिठाने सुटली. आम्ही दोघांनी मान डोलावली. ते खोटंही नव्हतं.

पुन्हा भरायचं होतं. जुनी बैठक बाबांनी पटाशीने खरवडली, दोन दिवस गेले. मग त्यांनी मेणाचा डबा उघडला आणि माझ्यापुढे सरकवला. मी म्हटलं, "मी?" ते काचकागद घेऊन दुसऱ्या कामाला लागले होते. पहिला हात मी लावला, वाळवला, चोळला. दुसरा. तिसरा. त्यांनी तपासलं नाही. एकदाही वळून बघितलं नाही. मला वाटतं आयुष्यात मी कशाला एवढी घाबरले नसेन, चाचणीला नाही, लग्नाला नाही. दुसऱ्या दिवशी दोरी त्यांनी मलाच सोडायला लावली. टक्.

चाचणीत मी निवडले गेले ते राखीव म्हणून, म्हणजे इतरांच्या पिशव्या सांभाळायला. मला त्याचं दुःख झालं असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. गाल लाकडावर टेकला की ठिपका जागेवर थांबतो, हे मला पहिल्यांदा कळलं होतं. पण रेगे सरांनी त्या दिवशी माझी रायफल उचलून, स्क्रू काढून खाचेत बॅटरी मारून पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि आठवडाभराने ते चक्क भटवाडीचा चढ चढून आमच्या दारात आले. इस्त्री घामाने गेलेली. दोन्ही काखांत चादरीत गुंडाळलेले दस्ते. आई गडबडीने पदर सावरत चहा टाकायला उठली.

"परब, हे दोन करून द्याल का? सांगाल तेवढे दिवस घ्या," सर बाबांना म्हणाले. "आणि मला एक सांगा, ती बैठक आरशासारखी निघालीय. माझं औषध वापरलंत ना?"

बाबांनी दस्ते उतरवून घेतले, खाटेवर ठेवले, सरांना खुर्ची दिली. घरात ती एकच खुर्ची, नऊ महिने ते जिच्यात बसले होते ती.

"ते मुलीला विचारा," ते म्हणाले. "मेण ती लावते."